डिजिटल गिटार मॉडेलर किती वर्षे पुरतो, आणि पुढच्या अपडेटवर किती विसंबावे?

आपला प्रश्न असा आहे की, बऱ्याच दिवसांच्या बचतीतून एक चांगला डिजिटल ॲम्प मॉडेलर, म्हणजे गिटारचे ॲम्प आणि इफेक्ट यांचे आवाज गणिताने तयार करणारे यंत्र, घ्यायचा विचार आहे. परंतु पाच वर्षांत तो जुना ठरेल का, कंपनी अपडेट देत राहील का, आणि नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावे का. मी ठाण्यात राहतो, सुमारे वीस वर्षे वाद्यवृंदांतून गिटार वाजवतो आणि या काळात मॉडेलरच्या तीन पिढ्या वापरल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, आज दुकानात वाजवून पाहिलेला आवाज आणि यंत्रात आज असलेल्या सोयी आपल्याला पुरत असतील तर थांबू नये, आणि पुरत नसतील तर पुढे येणाऱ्या अपडेटच्या भरवशावर ते यंत्र घेऊ नये.

मॉडेलर ‘टिकतो’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: यंत्राचे शरीर, कंपनीचा पाठिंबा आणि संगणकाशी असलेले नाते. बहुतेकांना पहिल्या दोहोंची काळजी वाटते, परंतु माझ्या पाहण्यात सर्वांत आधी तुटते ते तिसरे. लाइन ६ कंपनीचा लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्यासारख्या आकाराचा पॉड १९९८ मध्ये आला. माझ्याकडे त्याची दुसरी आवृत्ती आहे, ती मी जुन्या बाजारातून घेतली आणि ती आजही चालू आहे. या पॉडचे आवाज संगणकावरून जुळवण्यासाठी त्या काळी एमॅजिक या कंपनीचा साउंडडायव्हर नावाचा प्रोग्रॅम मिळत असे. २००२ मध्ये ॲपलने एमॅजिक विकत घेतली आणि पुढे तो प्रोग्रॅम मागे पडला. पुढे २०१९ मध्ये मॅकच्या नव्या प्रणालीने ३२ बिटचे सर्वच प्रोग्रॅम चालवणे बंद केले, तेव्हा इतरही अनेक जुन्या यंत्रांचे एडिटर, म्हणजे आवाज जुळवण्याचे असेच प्रोग्रॅम, एका दिवसात निरुपयोगी झाले. तरीही पॉड वापरात राहिला याचे कारण साधे आहे. ड्राइव्ह, बास, मिडल, ट्रेबल आणि रिव्हर्ब (गुंज) यांच्या खऱ्या फिरक्या (नॉब) त्याच्या अंगावरच आहेत, त्यामुळे संगणक नसला तरी त्याचे काही अडत नाही.

म्हणून यंत्र निवडताना मी पहिली कसोटी हीच लावतो. दुकानात गेल्यावर संगणक आणि मोबाइल दोन्ही बाजूला ठेवून, रिकाम्या प्रीसेटपासून (प्रीसेट म्हणजे यंत्रात जपून ठेवलेली एका आवाजाची जुळणी) एक स्वच्छ आवाज आणि एक डिस्टॉर्शनचा (फाटलेला) आवाज केवळ यंत्राच्या बटणांवर आणि पडद्यावर बांधून पाहावा. हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स किंवा फ्रॅक्टल कंपनीची जमिनीवर ठेवून पायाने चालवायची यंत्रे यांवर हे सहज जमते. टोनएक्सच्या सर्वांत लहान पेडलवर मात्र संगणकाशिवाय फार थोडे करता येते. ते पेडल वाईट आहे असे मी म्हणत नाही, त्याच्या किमतीत मिळणारा आवाज उत्तम आहे. परंतु त्याचे आयुष्य त्याच्या सॉफ्टवेअरच्या आयुष्याशी बांधलेले आहे, हे घेतानाच समजून घ्यावे.

आता अपडेटविषयी. या बाबतीत गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास बराच दिलासा देणारा आहे. केम्पर प्रोफायलर २०११ मध्ये आला, आणि २०२३ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, त्याच्यासाठी लिक्विड प्रोफायलिंग ही मोठी सुधारणा विनामूल्य देण्यात आली. ती अगदी पहिल्या यंत्रांनाही मिळाली. त्याची दुसरी आवृत्ती येईपर्यंत २०२५ साल उजाडले. हेलिक्स २०१५ मध्ये आला आणि त्याची पुढची पिढी, हेलिक्स स्टेडियम, जाहीर झाली तीही २०२५ मध्येच. मधल्या दहा वर्षांत जुन्या हेलिक्सला नवे ॲम्प, नवे इफेक्ट आणि २०२२ मध्ये कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, नकलेची पूर्णपणे नवी रचना मिळाली. एचएक्स स्टॉम्प या त्याच्या लहान भावंडात सुरुवातीला एका वेळी सहाच ब्लॉक (ॲम्प, इफेक्ट असे एकेक घटक) लावता येत, पुढे एका अपडेटने ते आठ झाले. ज्यांनी ते यंत्र सहा ब्लॉक पुरतात म्हणून घेतले होते त्यांना दोन ब्लॉक भेट मिळाले, आणि ज्यांनी आठ होतील या आशेने घेतले त्यांना वाट पाहावी लागली. क्वाड कॉर्टेक्सच्या बाबतीत, कंपनीचे संगणकावरील प्लगइन यंत्रातही चालतील असे सुरुवातीलाच सांगितले गेले होते. ते प्रत्यक्षात येऊ लागले २०२४ मध्ये, आणि तेही टप्प्याटप्प्याने. शब्द पाळला गेला, परंतु केवळ त्या एका सोयीसाठी पैसे मोजणाऱ्याची मधली वर्षे रिकामी गेली. याचसाठी मी हिशोब करताना भविष्यातील अपडेटची किंमत शून्य धरतो.

अपडेटला एक मर्यादा अशी आहे की जी कोणत्याही कंपनीच्या सदिच्छेने ओलांडता येत नाही, आणि ती नीट समजली तर बाकीचे पुष्कळसे आपोआप समजते. मॉडेलर सेकंदाला आवाजाचे साधारणपणे ४८,००० नमुने (मोजमापे) या गतीने काम करतो, म्हणजे एका नमुन्यासाठी त्याला सेकंदाचा ४८,००० वा भाग मिळतो. आतला सिग्नल प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झचा आहे असे धरले, तर तेवढ्या अवधीत त्याच्या घड्याळाचे सुमारे ९,३७५ ठोके पडतात, आणि त्या ९,३७५ ठोक्यांत ॲम्प, कॅबिनेट, डिले, रिव्हर्ब असे सगळे गणित उरकावेच लागते. संगणकावर एखादे काम जड झाले तर ते थोडे उशिरा पूर्ण होते. येथे उशीर म्हणजे आवाजात तडतड, किंवा तार छेडल्यानंतर आवाज मागून येणे, आणि ते वाजवणाऱ्याला सहन होत नाही. त्यातच डिस्टॉर्शनमधून निर्माण होणारे खोटे स्वर टाळण्यासाठी ॲम्पचे गणित मूळ गतीच्या अनेक पट वेगाने करावे लागते, आणि मॉडेल जितके बारकाईने केलेले तितके ते अधिक ठोके खाते. प्रोसेसर मात्र बोर्डावर कायमचा जडवलेला असतो, संगणकाच्या रॅमसारखा तो वाढवता येत नाही. त्यामुळे यंत्राच्या आयुष्याच्या उत्तरार्धात अपडेट येत राहिले तरी त्यांतील नवे रिव्हर्ब आणि नवे ॲम्प एकत्र लावायला जागा उरत नाही. यासाठी खरेदीच्या दिवशीच आपला नेहमीचा सर्वांत भरगच्च प्रीसेट बांधून पाहावा आणि त्यानंतरही यंत्रात जागा शिल्लक राहते का, हे तपासावे. ही शिल्लक जागा मला कोणत्याही जाहीर आश्वासनापेक्षा अधिक मोलाची वाटते.

नवा अपडेट नेहमी आपल्या सोयीचाच असतो असेही नाही. ॲम्पच्या मूळ गणितात सुधारणा झाली की जुने प्रीसेट किंचित वेगळे वाजू लागतात. फ्रॅक्टलच्या ॲक्स-एफएक्स ३ वर मोठे अपडेट आल्यानंतर प्रीसेट पुन्हा जुळवणे ही वापरणाऱ्यांची नेहमीची रीत आहे आणि अनेकांना ती आनंदाची वाटते, कारण आवाज खरोखरच सुधारतो; परंतु ज्याचा शनिवारी कार्यक्रम आहे त्याने शुक्रवारी रात्री हे करू नये. हेलिक्सने २०२२ मध्ये कॅबिनेट बदलली तेव्हा जुनी कॅबिनेटही वेगळ्या गटात जपून ठेवली, त्यामुळे जुने प्रीसेट जसेच्या तसे राहिले. कंपनी जुन्या आवाजांना असा मान देते की नाही, याची चौकशी मी नव्या ॲम्पच्या संख्येआधी करतो.

शरीराच्या बाबतीत आपल्याला वाटते तितकी भीती नाही. अशा यंत्रांत हळूहळू झिजणारा भाग म्हणून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे नाव घेतले जाते. तापमान १० अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर त्या नियमाने ६५ अंशांना ३२,००० तास टिकेल, आणि रोज दोन तास वाजवणाऱ्याला ते चाळीस वर्षांहून अधिक होतात. प्रत्यक्षात आधी जातात ते पायाचे स्विच, फिरवायचे एन्कोडर, यूएसबीचे तोंड आणि ॲडॅप्टर. आपल्याकडे किनारपट्टीवर त्यात पावसाळ्याच्या दमट हवेची भर पडते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी यंत्र बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू करतो. गणेशोत्सवातील कार्यक्रमांत, जेथे वीज जनरेटरवरून येते, तेथे स्टॅबिलायझरशिवाय मी यंत्र जोडत नाही. ॲडॅप्टरबाबत एक सूचना विशेष करून देतो: जुन्या पॉडचा ॲडॅप्टर ९ व्होल्ट एसी देणारा आहे, आणि दिसायला तसाच असलेला डीसी ॲडॅप्टर त्याला चालत नाही. परदेशातून आणलेले जुने यंत्र असेल तर त्याचा ॲडॅप्टर २३० व्होल्ट घेतो का, हे जोडण्याआधी वाचावे.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९६५ चा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा ॲम्प आजही कोणताही जाणकार कारागीर सर्किटचा नकाशा समोर ठेवून दुरुस्त करू शकतो. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला तर बहुधा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो, आणि त्या बोर्डाचे उत्पादन थांबले की दुरुस्तीही थांबते. त्या अर्थाने मॉडेलर हे पिढ्यान्‌पिढ्या हाताळायचे वाद्य नाही. दहा ते पंधरा वर्षे मनापासून वापरायचे साधन म्हणून त्याचा हिशोब करावा, आणि तो हिशोब मला पूर्णपणे रास्त वाटतो.

यंत्र गेले तरी आवाज राहावा अशी सोय मात्र आता आपल्या हातात आहे, आणि मला वाटते या प्रश्नाचा सर्वांत आशादायक भाग हाच आहे. गिटारच्या ध्वनीला आकार देण्यात स्पीकर कॅबिनेटचा वाटा फार मोठा असतो, आणि कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्याच्या ध्वनीचा टिपलेला ठसा, ही एक साधी वेव्ह फाइल असते. मी दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या अशा फाइली आज तिसऱ्या यंत्रात वापरतो. ॲम्पच्या बाबतीत स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी मुक्त स्रोत म्हणून खुला केलेला न्यूरल ॲम्प मॉडेलर हा प्रोग्रॅम हेच काम करतो. त्याच्या फाइली कोणत्याही एका कंपनीच्या मालकीच्या स्वरूपात अडकलेल्या नाहीत, आणि त्या वाजवू शकणारी पेडलही आता मिळू लागली आहेत. आपण घेत असलेले यंत्र बाहेरचे इम्पल्स रिस्पॉन्स घेते का, आणि त्यातील प्रीसेट संगणकावर उतरवून ठेवता येतात का, हे दोन प्रश्न दुकानात अवश्य विचारावेत.

अपडेट करतानाची काळजी मी एका वाईट रात्रीनंतर शिकलो. काही वर्षांपूर्वी पावसात अपडेट निम्म्यावर आले असताना वीज गेली आणि यंत्र नुसता कोरा पडदा दाखवू लागले. ठरावीक बटणे दाबून ठेवून ते सुरक्षित अवस्थेत सुरू करता आले आणि अपडेट पुन्हा चढवता आले, परंतु सुमारे साठ प्रीसेट गेले, कारण मी त्यांची प्रत काढलेली नव्हती. तेव्हापासून अपडेट करताना यंत्र इन्व्हर्टरच्या वाहिनीवर आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज असतो, प्रीसेटची प्रत दोन ठिकाणी असते, आणि कार्यक्रमांत लागणाऱ्या आठ-दहा आवाजांची मूल्ये वहीत लिहिलेली असतात.

आपल्या बचतीचा विचार करता आणखी एक मार्ग सुचवतो. नवी पिढी बाजारात आली की मागच्या पिढीची चांगली यंत्रे पुष्कळजण विकायला काढतात. १९९८ पासून २०११ पर्यंत आवाजात पडलेला फरक कोणालाही ऐकू येईल इतका मोठा होता. २०११ नंतरचा फरक मला स्वतःला ढोल-ताशा, कीबोर्ड आणि गायक सोबत असताना ओळखता येत नाही. म्हणून वापरलेला पण नीट जपलेला हेलिक्स किंवा केम्पर घेणे मला आज सर्वांत पटते. घेताना प्रत्येक स्विच वीस वेळा दाबावा, प्रत्येक एन्कोडर दोन्ही दिशांना सावकाश फिरवून आकडे उड्या मारतात का ते पाहावे, यूएसबीची केबल जोडून हलवून पाहावी, आणि यंत्र निदान अर्धा तास चालू ठेवून मगच पैसे द्यावेत.