नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे थिनरच का? फेविक्विक काढायला वापरलं तर चालेल का?

आधी बोटाचं सांगतो. चालेल, वापरा. पण चष्म्याच्या फ्रेमला चुकूनही लावू नका.

तुम्ही लिहिलंय की बोटं फेविक्विकने चिकटली, थोडं फ्रेमवरही सांडलं, मैत्रीण म्हणते रिमूव्हर लाव आणि आई म्हणते ते थिनर आहे, त्याने कॅन्सर होतो. मी एका औषध कंपनीत क्यूसीला (म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात) आहे, रिमूव्हरमधलं मुख्य द्रव्य म्हणजे ॲसिटोन, ते रोज हाताळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आईंची काळजी समजते पण थिनर आणि ॲसिटोन एक नाही. पेंटच्या दुकानात थिनर म्हणून जे मिळतं ते मिश्रण असतं, त्यात बऱ्याचदा टोल्युइन नावाचं जास्त विषारी द्रव्य असतं, शिवाय काय काय घातलंय ते डब्यावर धड लिहिलेलंही नसतं. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन, थोडं पाणी, थोडा सुवास, कधी तेल. (ज्याच्यावर ॲसिटोन-फ्री लिहिलेलं असतं त्यात बहुतेक वेळा इथाइल ॲसिटेट असतं, त्याने फेविक्विक तितकं पटकन निघत नाही, तेव्हा बाटली बघून घ्या.) विषारीपणाचा अंदाज यावा म्हणून आमच्या रोजच्या कामातलाच आकडा देतो. गोळी बनवताना वापरलेलं सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव्य) शेवटी गोळीत किती उरलेलं चालतं याच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत, बेन्झीन फक्त 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2 भाग), टोल्युइन 890, आणि ॲसिटोन 5000, म्हणजे तिघांत सगळ्यात कमी विषारी ॲसिटोनच. कॅन्सरसाठी खरं बदनाम आहे ते बेन्झीन, ॲसिटोन कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत नाही. उलट आपलं शरीरसुद्धा थोडंसं ॲसिटोन बनवतं, कडक उपास केला की साखरेऐवजी चरबी जळायला लागते तेव्हा जरा जास्तच, आणि डायबेटिस फार बिघडला की पेशंटच्या श्वासाला जो गोडसर, फळासारखा वास येतो तो ह्याचाच. असा वास आला तर पेशंटला लगेच हॉस्पिटलात न्या.

खरी भीती आगीची आहे आणि ती कुणी सांगतच नाही.

ॲसिटोन 56 अंशाला उकळतं, पण पेट घेण्याइतकी वाफ उणे 20 अंशालाही सुटते, म्हणजे आपल्याकडे थंडीतसुद्धा उघडी बाटली धोक्याचीच. ती वाफ हवेच्या दुप्पट जड असते त्यामुळे वर उडून न जाता ओट्यावरून, जमिनीवरून सरपटत जाते. कॉलेजात असताना आमच्या लॅबमध्ये टेबलाच्या एका टोकाला ॲसिटोनची वॉश बॉटल (दाबून धार सोडायची बाटली) कलंडली आणि बर्नर चालू होता पार दुसऱ्या टोकाला, आम्ही निवांत फडकं शोधतोय तोपर्यंत तिकडून ज्योत टेबलावरून पळत आली, पुसायला गेलेल्या मुलाच्या हातावरचे केस जळाले, ओलं पोतं टाकून विझवलं म्हणून तेवढ्यावर भागलं. तेव्हापासून ॲसिटोनची बाटली उघडायच्या आधी मी आजूबाजूला काय पेटलंय ते बघतो, घरी देवापुढची निरांजनसुद्धा. तुम्हीही स्वयंपाकघरात करू नका, खिडकीपाशी बसा, पंखा लावा.

आता बोटं कशी सोडवायची. आधी कोमट साबणाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा, पुष्कळदा तेवढ्यानेच सुटतात. नाहीच सुटली तर इयरबडवर रिमूव्हर घेऊन कडेकडेने लावा आणि बोटं हळूहळू एकमेकांवर घोळवा, ओढू नका, कातडी निघेल. जखम असेल तर नको, ओठ किंवा डोळ्याच्या आसपास तर अजिबात नको, तिथे डॉक्टरच. नंतर हात धुऊन खोबरेल तेल लावा, कारण ॲसिटोन कातडीतलं तेलही विरघळवतं म्हणून हात पांढरे आणि खरखरीत पडतात. आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवा, ओलं फेविक्विक कापसाने किंवा सुती कपड्याने पुसायचं नाही, कापसाशी त्याची रिॲक्शन होऊन चटका बसेल इतकं गरम होतं.

ॲसिटोन काय काय खातं हे बघायचं असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर चार थेंब टाका, तुकडा डोळ्यासमोर खाली बसतो आणि नुसता चिकट गोळा उरतो. पॉलिथीनला मात्र ते काही करत नाही, म्हणून तर लॅबमधली ॲसिटोनची वॉश बॉटल त्याचीच असते. पाण्यातही ते कितीही मिसळतं, म्हणून ओल्या काचेच्या भांड्यात आम्ही ते फिरवून ओततो, पाणी घेऊन जातं आणि उरलेलं उडून भांडं मिनिटात कोरडं. वेल्डिंगवाल्याकडे ॲसिटिलीनचं सिलिंडर असतं ना, त्याच्या आतही ॲसिटोन असतं, कारण तो गॅस नुसता दाबून भरला तर फुटू शकतो पण ॲसिटोनमध्ये विरघळवला की शांत राहतो, म्हणूनच ते सिलिंडर आडवं ठेवत नाहीत. हे मला फार उशिरा कळलं आणि अजूनही भारी वाटतं.

आणि म्हणूनच फ्रेमला नको म्हटलं. पुष्कळ फ्रेम सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्या ॲसिटोनमध्ये विरघळतात, डाग जाईल पण फ्रेमची चकाकी आणि आकारही जाईल, काच पॉलीकार्बोनेटची (तेही प्लास्टिकच) असेल तर तिला बारीक तडे जातील. चष्म्याच्या दुकानात नेऊन दाखवा, काड्यांवरचा डाग पॉलिश करून निघण्यासारखा असतो. काचेवर उडालं असेल तर नखाने खरवडू नका, तसाच न्या.

राहिलेलं रिमूव्हर त्याच्याच बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवा, पाण्याच्या बाटलीत ओतू नका, दिसायला अगदी पाण्यासारखं असतं आणि घरात लहान मूल असेल तर ते सरळ तोंडाला लावेल.