बेसबॉलमध्ये एका मुलाला पिचिंगचा (बॉल टाकायचा) शब्द दिलाय आणि दुसरा त्याच्यापेक्षा भारी टाकतोय, शनिवारी कोणाला उभं करू?

तुम्ही लिहिलंय की ११-१२ वयाच्या लिटल लीग (अमेरिकेतलं मुलांचं बेसबॉल) टीमचे तुम्ही मॅनेजर आहात, सीझनच्या आधी एका मुलाला "शनिवारच्या मॅच तूच सुरू करायच्या" असं सांगून बसलात आणि आता दुसराच एक मुलगा त्याच्यापेक्षा चांगला टाकायला लागलाय. मी इकडे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) चार सीझन हेच काम केलंय आणि नेमकी हीच चूक केलीय, म्हणून लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे, या शनिवारी ज्याला शब्द दिलाय त्यालाच बॉल द्या.

माझ्या टीममध्ये एक मुलगा होता, त्याला मी मार्चमध्ये सांगितलेलं की ओपनिंगनंतरची शनिवारची मॅच तुझी. मधल्या दोन आठवड्यांत दुसरा मुलगा असा काही सुटला की प्रॅक्टिसला कोणाला बॅट लावता येईना, म्हणून मी शनिवारी सकाळी ग्राउंडवर पोचल्यावर लाइनअप बदलली आणि ज्याला शब्द दिला होता त्याला राइट फील्डला, म्हणजे लांब फील्डिंगला, पाठवलं. त्याचे आजी-आजोबा पुण्याहून आले होते त्याला पिच करताना बघायला. आम्ही जिंकलो पण. मॅच झाल्यावर त्याची आई पार्किंगमध्ये भेटली, भांडली वगैरे अजिबात नाही, फक्त विचारलं की दादा, हे तुम्ही ठरवलंत कधी? मी गुरुवारीच ठरवलं होतं. दोन दिवस मी ते मनात ठेवून फिरत होतो आणि तो मुलगा दोन दिवस घरी भिंतीवर बॉल टाकत होता. दुसरा चांगला टाकतो हे त्या मुलालाही दिसत होतं हो, या वयात पोरांना कोण किती पाण्यात आहे ते आपल्याआधी कळतं. त्याला लागलं ते शनिवारी सकाळचं. नंतर तो सीझनभर कधीच "कोच, मी टाकू का" असं म्हणाला नाही, आणि ते मला आजही सलतं.

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये हिशोब वेगळा आहे, तिथे मेरिटच चालायला पाहिजे. आमच्या इथल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स टीमचंच बघा, पिचर बॅरी झिटोला त्यांनी सात वर्षांसाठी १२.६ कोटी डॉलर दिलेले, आणि २०१० च्या पोस्टसीझनला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) ब्रूस बोची मॅनेजर असताना त्याला रोस्टरवरच, म्हणजे खेळाडूंच्या यादीतच, घेतलं नाही, कारण लिन्सकम, केन, सांचेझ आणि कोवळा बमगार्नर त्याच्यापेक्षा बरे टाकत होते. टीम वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकली, सॅन फ्रान्सिस्कोला आल्यापासूनची पहिली. करार पगाराचा होता, जागेचा नव्हता. आणि मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते पुढचं, २०१२ ला सेंट लुईसविरुद्ध टीम १-३ ने मागे, हरलो की घरी, तेव्हा त्याच झिटोने पावणेआठ इनिंगच्या आसपास एकही रन दिला नाही, आणि मग वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच डेट्रॉइटचा भारी पिचर व्हरलँडरसमोर त्यालाच दिली, तीही जिंकली. म्हणजे बाहेर बसवलेल्या माणसासाठी दार उघडं होतं, २०१० ला बसला म्हणून कायमचा बसला असं झालं नाही.

पण झिटो २०१० ला बत्तीस वर्षांचा होता, तुमचा मुलगा अकरा-बाराचा आहे, त्याला एवढं पचवायला लावू नका.

आता जरा नियमांचं, कारण मला वाटतं तुमचा पेच वाटतो तितका मोठा नाहीये. या वयात दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच, आणि ६६ किंवा वर गेला की चार दिवस सक्तीचा आराम. म्हणजे शनिवारी ७० टाकलेला मुलगा रवि, सोम, मंगळ, बुध बसणार, आणि मधल्या आठवड्याची मॅच बुधवारी असेल तर तिथे तो मिळणारच नाही. एकच भारी पिचर घेऊन सीझन निघत नाही, तीन-चार हात लागतातच. त्यामुळे दुसऱ्याला बुधवार द्या, किंवा शनिवारीच पहिल्याला ५० च्या आत थांबवून (मग दोनच दिवस आराम लागतो) त्याच्यामागून याला आणा. आणि पहिल्याच्या बापाने कितीही आग्रह केला तरी हाताच्या बाबतीत ना शब्द बघायचा ना मेरिट. वॉशिंग्टन नॅशनल्स टीमने २०१२ ला त्यांचा पिचर स्ट्रासबर्गला टॉमी जॉन सर्जरीनंतर (कोपराच्या ऑपरेशननंतर) आधीच ठरवल्याप्रमाणे १५९ इनिंगवर थांबवलं, टीम ९८ मॅच जिंकून प्लेऑफला आणि तो बाहेर, टीम पहिल्याच सिरीजमध्ये हरून बाहेर पडली, लोक अजून त्यावरून भांडतात. मी त्यांच्या बाजूचा आहे.

पुढच्या आठवड्यांचं मात्र याच प्रॅक्टिसला त्या मुलाशी बोला, बाजूला घेऊन, बापासमोर नको. सांगा की सगळे शनिवार तुझे असं मी म्हणालो ते मी म्हणायला नको होतं, चूक माझी. हा शनिवार तुझाच आहे, त्याच्यापुढे मी दर आठवड्याला प्रॅक्टिसमध्ये स्ट्राइक (नेमके टप्प्यात पडलेले बॉल) किती पडतात ते बघून ठरवणार आणि कोणाचं नाव आहे ते तुला दोन दिवस आधी मी स्वतः सांगणार. मी नंतरच्या तीन सीझनमध्ये एवढाच शब्द देत आलो, कधी सांगणार त्याचा. नंबराचा कोणालाच दिला नाही, माझ्या स्वतःच्या मुलालाही नाही.

आणि हो, शनिवारी दुसऱ्याला मागून आणायचं ठरवलंत तर त्याला सुरुवातीला कॅचरला (बॅटरच्या मागे बॉल झेलायला) उभं करू नका, चार इनिंग कॅचिंग झालं की त्याच दिवशी त्याला पिच करता येत नाही.