पुण्यात नवीन आहे. सोशल मीडियावर धर्म, राजकीय मतं किती उघड ठेवावीत?

तुम्ही म्हणताय, नोकरीसाठी पुण्यात आलोय, ऑफिसातले लोक फेसबुक-इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवतायत, त्यांना आपलं किती दिसू द्यायचं?

जात-धर्माच्या ओळखीपुरतं बोलायचं तर निम्मं काम तुमच्या आडनावाने आधीच केलंय. भाड्याचा फ्लॅट बघायला जा, एजंट जिना चढता चढता आडनाव, मूळ गाव आणि 'नॉनव्हेज खाता का' एवढं काढून घेतो. फेसबुकने धार्मिक आणि राजकीय मतांचे रकाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रोफाइलवरून काढून टाकले, कुणाचं काही अडलं नाही. डीपीचा रंग पुरतो.

मेख आहे ती मतांची. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धार्मिक-राजकीय पोस्टना बंदी आहे. रोज सकाळी स्वामी समर्थांच्या फोटोसकट 'शुभ सकाळ' येतं, त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते, तेव्हा ही बंदी कुणाला आठवत नाही. गणपतीत डीजेने घरातलं तान्हं मूल झोपत नाही असं एका बाईंनी लिहिलं, तर लगेच सेक्रेटरींचा मेसेज: 'ताई, कृपया ग्रुपचे नियम पाळावेत.' आपल्याला पटणारी पोस्ट लोकांना धार्मिक वाटतच नाही.

मी नास्तिक आहे आणि स्वतःच्या नावाने तसं लिहितो. ओंकारेश्वराजवळच्या ज्या पुलावर २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तिथे २० ऑगस्टला लोक जमतात, तिथला फोटोही टाकतो. नातेवाईक फार तर 'याला शिंगं फुटलीत' म्हणतात. पण मला हे परवडतं, कारण घर स्वतःचं आहे आणि आडनाव इथल्या लोकांच्या सवयीचं. माझ्या टीममधला एक मुसलमान मित्र ईदच्या शीरखुर्म्यापलीकडे काही टाकत नाही, रस्त्यावरच्या खड्ड्यांवरसुद्धा नाही. त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुण्यात तणाव होता, तेव्हा हडपसरला जमावाने आयटीतल्या एका मुसलमान तरुणाला मारून टाकलं. त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्यामुळे 'बिनधास्त लिहा' हा सल्ला सरसकट सगळ्यांना देणाऱ्यांचा मला राग येतो.

कायद्याचं म्हणाल तर ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं आयटी कायद्यातलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम मात्र जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, तेव्हा पोस्ट करण्याआधी एकदा वाचून बघा.

तुमच्या जागी मी असतो तर प्रोबेशन संपेपर्यंत साहेबांना लिंक्डइनवरच ठेवलं असतं. इन्स्टावर 'क्लोज फ्रेंड्स' असतं, पण त्यातलाच एखादा स्क्रीनशॉट काढतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. आणि बायको किंवा आईवडिलांची मतं, त्यांच्या पूजेचे नाहीतर मोर्चाचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. त्यांचं ऑफिस वेगळं, शेजारी वेगळे.