फोटो कोणाला दाखवायचा, हे आधी ठरवावे

नाशिकमध्ये नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी वन्यजीवांचे फोटो आणि चित्रफिती काढणाऱ्या माणसाकडून संवर्धनाला खरोखर काही मदत होते का, आणि होत असेल तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. मी गेली चौदा वर्षे निफाड, सिन्नर आणि दिंडोरी या पट्ट्यात हेच करत आलो आहे, म्हणून अनुभवावरून सांगतो. मदत होते, मात्र त्या प्राण्याचे बरेवाईट ज्याच्या हातात आहे, त्या माणसापर्यंत आपले चित्र पोहोचावे लागते. तो माणूस कोण, हे कॅमेरा उचलण्याआधी ठरवावे, हेच माझे मुख्य म्हणणे आहे.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची सर्रास शिकार होत असे. माइक पांडे यांनी त्यावर केलेला ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट २००० साली आला आणि २००१ मध्ये हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या यादीत गेला. त्या अनुसूचीत आलेला तो पहिला मासा. येथे निर्णय दिल्लीत व्हायचा होता. नागालँडमध्ये मात्र तो गावात व्हायचा होता. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये दोयांग जलाशयाच्या काठी स्थलांतर करणारे अमूर ससाणे मासेमारीच्या जाळ्यांत पकडले जात असल्याचे बानो हारालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सू यांनी चित्रित केले. एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. ती चित्रफीत जगभर गेली, सरकार हलले. पण मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत, ग्रामपरिषदा आणि चर्च यांच्याशी बोलत राहिली, आणि पुढच्याच वर्षी तेथे जाळी लागली नाहीत. गावाला गुन्हेगार ठरवून परतणे सोपे होते. तसे झाले असते तर दुसऱ्या वर्षी जाळी आणखी आतल्या रानात लागली असती, असे मला वाटते.

आपण नाशिककर आहात म्हणून एक आठवण करून देतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत, एक छोटी चित्रफीत केली होती. चित्रपटाला भांडवल देऊ शकणाऱ्या माणसाची खात्री पटावी, यासाठी ती होती. पाहणारा कोण हे पक्के ठाऊक असल्यामुळे एका कुंडीवर काम भागले.

आता बिबट्याकडे येतो, कारण आपल्या जिल्ह्यात कॅमेऱ्याची सर्वांत जास्त गरज तेथे आहे. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल होताच आपोआप टिपणारे कॅमेरे लावून, अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखून काढला. जंगल नसलेल्या त्या शेतीच्या प्रदेशात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचे त्यांच्या २०१३ च्या शोधनिबंधात आहे. बिबट्या रस्ता चुकून उसात येत नाही, तो तेथेच राहतो, हे त्या फोटोंमुळे ठामपणे सांगता येऊ लागले.

ऊसतोड सुरू झाली की निफाडकडे दर हंगामात फडात बछडे सापडतात. पाचट सरकते, जेमतेम डोळे उघडलेली पिल्ले दिसतात, आणि पाहता पाहता गर्दी होते. प्रत्येकाला पिल्लू हातात घेऊन फोटो हवा असतो. अशा वेळी तोडणी थांबवून, माणसे मागे घेऊन, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे असते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत अशा एका फडात वनरक्षकांबरोबर थांबण्याची संधी मला मिळाली. सकाळी सापडलेले दोन बछडे पशुवैद्यकीय तपासणीनंतर संध्याकाळी त्याच सरीत, द्राक्षाच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवले गेले. बांधाजवळ खुंट्या ठोकून त्यांना दोन कॅमेरा ट्रॅप बांधले आणि आम्ही सगळे दूर गेलो. पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी मादी आली. ती लगेच पुढे झाली नाही. क्रेटभोवती एक फेरी मारून, कान मागे टाकून तिने कॅमेऱ्याकडे रोखून पाहिले, मग पंजाने क्रेट आडवे केले, एका पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचलले आणि ती उसात शिरली. दुसऱ्यासाठी ती ३ वाजून ३८ मिनिटांनी परतली.

मी हे दोन्ही तुकडे सलग जोडले आणि वेळ दाखवणारी खालची पट्टी दिसायला वाईट म्हणून कापून टाकली. मुकादमाच्या परवानगीने ही अडीच मिनिटांची चित्रफीत ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, संध्याकाळी भाकरी थापण्याच्या वेळी, मोबाइलवर दाखवली. पहिले पिल्लू नेल्याबरोबर एक बाई म्हणाल्या, “एकच नेलं की. दुसऱ्याला टाकून गेली का काय?” त्यांच्या या प्रश्नामुळे माझी चूक माझ्या लक्षात आली. मधली अठ्ठावीस मिनिटे हाच त्या चित्रफितीचा गाभा होता. नेमक्या त्याच वेळात लोकांना वाटते की आईने पिल्लू सोडून दिले, आणि कोणीतरी ते कळवळ्याने उचलून घरी नेते. मग पिल्लू शोधत मादी वस्तीभोवती फिरत राहते, आणि धोका दोघांनाही वाढतो. मी वेळेची पट्टी परत आणली, मधे काही क्षण आडवे पडलेले क्रेट आणि राहिलेले पिल्लू ठेवले, आणि “थांबा, ती येणार आहे” एवढे एकच वाक्य त्याच बाईंच्या आवाजात घेतले. त्यानंतरच्या प्रत्येक हंगामात आम्ही हीच चित्रफीत दाखवतो.

कॅमेऱ्यामुळे नुकसानही होते, आणि ते माझ्या हातून झाले आहे. सिन्नरकडच्या एका नाल्याच्या दरडीत शृंगी घुबडाचे घरटे होते. मी दोन पिल्लांचा फोटो गावाच्या नावासकट टाकला. तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा दरडीखाली मोटारसायकलींच्या चाकोऱ्या होत्या, घरट्याच्या कपारीसमोरची बाभळीची फांदी फोटोसाठी तोडलेली होती आणि कपार रिकामी होती. घुबडांना जादूटोण्यासाठीही पकडले जाते, हे मला तेव्हा माहीत होते, तरी मी ठिकाण लिहिले. याचे दुःख आजही आहे. पक्ष्यांच्या घरट्यांचे आणि त्यांतल्या पिल्लांचे फोटो मी तेव्हापासून काढत नाही, फोटो टाकण्याआधी त्यातील जीपीएसची नोंद पुसतो आणि तालुक्यापलीकडचा तपशील देत नाही. पक्ष्याला बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे किंवा आमिष ठेवणे आपणही कटाक्षाने टाळावे, आणि अभयारण्यात चित्रीकरण किंवा ड्रोनचा विचार असेल तर वन विभागाशी आधीच लेखी बोलून घ्यावे.

सुरुवातीसाठी मी नांदूरमध्यमेश्वर सुचवेन. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. तेथे हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकादंब या हंसाच्या (बार-हेडेड गूज) उड्डाणाचे सुरेख फोटो काढणारे पुष्कळ आहेत, आणि जरूर काढावेत. परंतु मंगोलियात काही पट्टकादंबांच्या मानेत आकडे लिहिलेले पट्टे घातले जातात, आणि तो आकडा वाचता येईल असा अगदी साधा फोटो अभ्यासकांना अधिक उपयोगी पडतो. त्याहून दुर्लक्षित काम म्हणजे पाण्याचेच फोटो. पानवेली किती पसरल्या, गाळ कोठवर आला, काठची शेती किती पुढे सरकली, हे कोणी सांगितले तर वाद होतो. एकाच जागेवरून दर महिन्याला घेतलेले बारा फोटो ग्रामसभेत आणि वन विभागाच्या टेबलावर शांतपणे ठेवता येतात. त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही, मोबाइल पुरतो. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर कठड्याचा एक कोपरा निवडून त्यावर मोबाइल टेकवावा, चौकटीत पलीकडच्या काठचे एखादे कायमचे झाड घ्यावे, आणि तारीख व वेळ वहीत लिहावी. पुढच्या महिन्यात त्याच कोपऱ्यावरून, तेच झाड त्याच जागी ठेवून, दुसरा फोटो घ्यावा.