आई-बाबांना लंडनबाहेरचं इंग्लंड दाखवायचं आहे, कुठे न्यावं?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून येतायत, दोघांनीही साठी ओलांडलीय पण रोजचं चालणं आहे, हाताशी चार दिवस आहेत. तर स्टोनहेंज, बाथ, कॉट्सवोल्ड्सच्या एकदिवसीय बस सहली घ्याव्यात का? मी लीड्सला राहतो. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. चारही दिवस उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या डोंगराळ भागाला द्या.

त्या जागा सुंदरच आहेत, पण बस सहलीत दिवसाचा मोठा भाग मोटारवेवर जातो. स्टोनहेंजचे दगड दोरीपलीकडून बघायचे, कॉट्सवोल्ड्समधल्या बायबरी गावात फोटो काढायचे आणि घड्याळाकडे बघत परत बस गाठायची. चालणाऱ्या माणसांना हा देश चालतच दाखवावा. इथे शेतांतून, कुरणांतून, कधी कुणाच्या घराला लागून सार्वजनिक पायवाटा जातात. जमीन खासगी असली तरी त्या वाटेवरून जायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे, पाहुण्यांनाही. ‘पब्लिक फुटपाथ’ अशी पाटी दिसली की निर्धास्त जा. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवा आणि कोकरांच्या फार जवळ जाऊ नका.

मुक्काम स्किप्टनला करा. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून लीड्सपर्यंत रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, पुढे स्किप्टन जवळच आहे. गावातला किल्ला सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात तीन वर्षं वेढ्यात होता, तरी छपरासकट उभा आहे. पोचल्या दिवशी दुपारी पाहून होतो.

पहिला पूर्ण दिवस मालमला. गावातून ओढ्याकाठाने चालत गेलं की समोर सुमारे ८० मीटर उंचीचा, अर्धवर्तुळात वळलेला चुनखडीचा पांढरट कडा उभा राहतो. हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाचं पाणी याच्यावरून कोसळायचं. आता वर पाणी नाही, ओढा थेट कड्याच्या पायथ्यातून निघतो, कारण चुनखडीत पाणी जमिनीखालून वाट काढतं. डिसेंबर २०१५ च्या वादळी पावसात मात्र काही काळ इथे पुन्हा धबधबा वाहिला होता. कड्याच्या बाजूने पायऱ्या आहेत, चारशेच्या घरात. सिंहगड चढणाऱ्यांना त्यांचं काही वाटणार नाही. वर दगडाची फरसबंदी पसरलीय, मधे खोल भेगा आणि भेगांत वाऱ्यापासून आडोसा मिळालेले नेचे. पाऊस पडून गेला असेल तर हा दगड फार निसरडा होतो, तेव्हा वर जाऊ नका. कड्यावर बहिरी ससाणे घरटी करतात, म्हणून दुर्बीण जरूर घ्या. परतताना जॅनेट्स फॉस या छोट्या धबधब्याजवळच्या झाडीतून या. मे महिन्यात तिथे रानलसणाची पांढरी फुलं असतात आणि वासावरून ती आधी कळतात.

मालमच्या या माळांवर मध्ययुगात मेंढ्या चरायच्या, त्यातल्या बऱ्याच फाउंटन्स ॲबी या ख्रिस्ती मठाच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी तिकडेच जा. ११३२ मध्ये यॉर्कच्या मठाची सुखासीन राहणी न पटलेले तेरा भिक्षू स्केल नदीच्या ओसाड खोऱ्यात आले, पुढे सिस्टर्शियन पंथात गेले आणि लोकरीच्या व्यापारावर हा मठ देशातल्या सगळ्यात श्रीमंत मठांपैकी एक झाला. सुमारे ९० मीटर लांबीचं कमानदार कोठार पाहिलं की त्या संपत्तीचा अंदाज येतो. माझ्या मते पूर्ण इंग्लंडमध्ये याच्या तोडीचं भग्नावशेषांचं ठिकाण नाही. १५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केला. शेजारची पाण्याची बाग जॉन ॲझलबी या माजी अर्थमंत्र्याची. साउथ सी कंपनीच्या १७२० च्या शेअर घोटाळ्यात त्याला संसदेतून काढून टाकलं, मग तो इस्टेटीवर येऊन बागेतच रमला. मठाचे अवशेष त्याच्या मुलाने १७६७ मध्ये विकत घेऊन बागेला जोडले. इथे बसने पोचणं किचकट आहे, त्या दिवसापुरती गाडी करा. पेटली ब्रिजवरून जाणारा रस्ताही देखणा आहे.

तिसऱ्या दिवशी सेटल-कार्लाइल रेल्वेमार्गाच्या गाडीत बसा आणि रिबलहेडला उतरा. १८७० च्या दशकात बांधलेला २४ कमानींचा पूल दलदलीच्या माळावर उभा आहे. बांधणारे मजूर बायकामुलांसह तिथेच झोपड्यांत राहायचे. अपघात, देवीची साथ यांत कितीतरी जण गेले. त्यांतल्या अनेकांना जवळच्या चॅपल-ले-डेलच्या चर्चच्या आवारात पुरलंय. मी पाहुण्यांना पूल दाखवतो तेव्हा तिथेही नेतो, तुम्हीही न्या. १९८० च्या दशकात हा मार्ग बंद करायचं घाटत होतं, लोकांनी चिकाटीने विरोध केला आणि १९८९ मध्ये तो वाचला.

चौथा दिवस पावसासाठी राखून ठेवा. पाऊस मे महिन्यातही येतो, आणि वाऱ्यात छत्री टिकत नाही, म्हणून तिघांनाही टोपीचं रेनकोट जाकीट आणि पकड असलेले बूट हवेत. रिबलहेडला गाड्या मोजक्या थांबतात, परतीची वेळ आधीच लिहून घ्या. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी बऱ्याचदा लवकर बंद होतं. आई-बाबा शाकाहारी असतील तर सकाळी स्किप्टनमधूनच डबा भरून निघा.