फ्लॅट सासऱ्यांचा, अर्ज मात्र एकट्या नवऱ्यावर

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. अकरा वर्षांचा संसार, फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, नवऱ्याची मारहाण. गेल्या वर्षी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्या माहेरी कोल्हापूरला आल्या आणि तिथेच कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. चौदा महिने झाले, नुसत्या तारखा. आता शेजारणीचा फोन आला की सासऱ्यांनी फ्लॅटचा विसार घेतलाय. "घर माझ्या नावावर नाही, नवऱ्याच्याही नाही. मग माझा हक्क आहे का?" महिन्याला अशी दोन-तीन पत्रं तरी येतात, गाव तेवढं बदलतं.

ताई, हक्काचं आधी उरकते. मालकीचा नाही, राहण्याचा आहे. २००५ च्या याच कायद्यातलं 'सामायिक घर', म्हणजे जिथे तुम्ही नवऱ्यासोबत नांदलात ते घर, सासऱ्यांच्या मालकीचंही असू शकतं. सतीशचंदर आहुजा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये हे सांगितलं आणि सासऱ्यांचं घर 'सामायिक' नाही म्हणणारा स्वतःचाच २००६ चा बत्रा निकाल रद्द ठरवला. समोरचे वकील अजून बत्राच वाचून दाखवतात, त्याने घाबरू नका.

तुमचं प्रकरण तिथे अडणारच नाही. ते अडलंय अर्जाच्या पहिल्या पानावर. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, एकच, नवरा. ज्यांच्या नावावर फ्लॅट आहे, त्यांचं नावच नाही. नवऱ्याला मनाई करून उपयोग काय, खरेदीखतावर सही करणार सासरे! शिवाय 'मनाई हुकूम मिळावा' असं एक वाक्य शेवटी टाकून दिलंय. निकाल लागेपर्यंत तात्पुरता आदेश मागणारा कलम २३ चा अंतरिम अर्ज केलेलाच नाही. मला राग आला, आणि तो सगळा तुमच्या वकिलांवर नाही. सही करण्याआधी आपला अर्ज आपण वाचायचा असतो.

तेव्हा या आठवड्यात अर्जात दुरुस्ती मागा आणि सासऱ्यांना सामनेवाले करा. फौजदारी कोर्टात दुरुस्ती होत नाही असं कुणी म्हटलं तर कुनापारेड्डी खटल्याचा २०१६ चा निकाल दाखवा. सुप्रीम कोर्टाने या कायद्यात दुरुस्तीला वाट ठेवली आहे. सोबतच कलम २३ चा अर्ज, शपथपत्रासह. घर विकायला मनाई कलम १९ खाली (निवासाचा आदेश) मागाच, पण १८ खालीही (संरक्षण आदेश) मागा. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फक्त १९ चा आदेश असला तर ३१ लागतं का, यावर वकील दिवसभर भांडू शकतात. त्यांना ती संधी कशाला द्या?

पुढची तारीख दीड महिन्यानंतरची आहे म्हणता. तिची वाट पाहू नका, प्रकरण अलीकडे बोर्डावर घ्यायचा अर्ज द्या. कलम १२ म्हणतं, पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. कोर्टांनी त्यातला 'प्रयत्न' तेवढा लक्षात ठेवलाय.

शपथपत्रात 'मानसिक व शारीरिक छळ' एवढंच लिहून भागत नाही. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ती अर्जात कुठेच नाही: रस्त्यावर कुणाचीही स्कूटर थांबली की मुलगा टीव्ही बंद करतो आणि दप्तर उघडून बसतो, इथे कोल्हापुरातही. ती जशीच्या तशी लिहा. आणि दवाखान्याचा तो केसपेपर. त्यावर 'बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या' असं आहे, कारण तुम्हीच तसं सांगितलंत. नवरा शेजारी उभा होता. तेही लिहा. केसपेपर समोरच्यांनी आधी दाखल केला तर तुम्ही खोट्या पडाल. तुम्ही आधी सांगितलंत तर तोच कागद तुमच्या बाजूचा होतो. शेजारीण साक्ष देईल का, हे आत्ताच विचारून ठेवा.

हे सगळं केलं की फ्लॅट वाचेलच, अशी हमी मी देत नाही. सासू-सासरे वयस्क असतील तर कोर्ट त्यांचाही विचार करतं. कदाचित त्या फ्लॅटऐवजी दुसरी जागा किंवा भाडं मिळेल. साठेखत आधीच नोंदलं गेलं असेल तर गणित अवघड होतं, किती ते कागद पाहूनच सांगता येईल. म्हणून आज दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक २ चा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा, शोध घ्या, आणि सोसायटीच्या सचिवांना प्रकरण चालू असल्याचं लेखी कळवून पोच घ्या. पोलिसांतल्या तक्रारीचं नंतर पाहू.

वकिलांची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलेला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जाताना मूळ केसपेपर न्या, झेरॉक्स नको. मुलाला आजीकडे ठेवा.