पान 142

"मॅडम, माझं वाचन गेलं हो." समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने लोक महिनाभराच्या वाचनाचे संकल्प करतात आणि मार्च उजाडला की अपराधी चेहऱ्याने येतात.

बँकेत अधिकारी असलेल्या एक बाई अशाच आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वय 46. सोसायटीतल्या मैत्रिणींचं ठरलं होतं, महिन्यात सहा पुस्तकं. यांची झाली अडीच. इतर जणी महिन्याचा आढावा गटावर टाकू लागल्या, तेव्हा यांनी गटच म्यूट केला.

"शाळेत असताना वाचनालयाची कपाटंच्या कपाटं संपवलीत मी. आता डोकंच बाद झालंय."

आधी झोप, भूक, कामातलं लक्ष विचारलं. ठीक होतं. चष्म्याचा नंबर? चार वर्षांत तपासला नव्हता. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होत जातं, बारीक अक्षरांनी डोळे शिणतात आणि माणूस दोष एकाग्रतेला देतो. त्यांचा नंबर वाढलेला निघालाच. पण खरं दुखणं तिथे नव्हतं.

पुढच्या भेटीला त्यांना वाचनाची वही आणायला सांगितली. तारीख, पुस्तक, पूर्ण की अपूर्ण, असे नीट आखलेले रकाने. मी 'पूर्ण'कडे पाहिलंच नाही.

"हे अर्धं राहिलेलं. कुठे थांबलात?"

"पान 142."

तीन आठवड्यांनंतरही पानाचा आकडा तोंडावर!

"काय आहे त्या पानावर?"

त्या बराच वेळ वहीची कड बोटाने दाबत राहिल्या. "एक म्हातारा आहे. बायको गेल्यावर पहिल्यांदा स्वतःचा चहा करायला उठतो. साखरेचा डबा कुठे असतो, तेच त्याला माहीत नसतं." मग हळूच, "आमचे अण्णा साताऱ्याला एकटे असतात. आई जाऊन दीड वर्ष झालं."

"पुस्तक मिटून काय केलंत?"

"अण्णांना फोन. रात्रीचे साडेनऊ, घाबरलेच ते."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"तेव्हाही केला. आता रोजच करते. वाचायच्या वेळेला."

त्या गप्प झाल्या. मीही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामाने मला काही शिकवलं असेल, तर अशा क्षणी शांत बसायला. मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे लक्ष लागत नव्हतं म्हणून नाही थांबले मी. लागलं म्हणून थांबले."

'लागलं' हा शब्द त्यांनी दोन्ही अर्थांनी वापरला होता. मला तो कधीच सुचला नसता.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक. घटनेपेक्षा आपण तिला लावलेला अर्थ जास्त छळतो, हे रोज पाहते. सहा पुस्तकं झाली नाहीत, ही घटना. 'डोकं बाद झालं' हा अर्थ. 'मला वाचायला आवडेल' आणि 'मी वाचायलाच हवं' यांत फरक एका 'च'चा, पण त्या 'च'खाली वाचनाचा सगळा आनंद चेंगरतो.

म्हणून महिन्याचा आढावा घेताना किती पुस्तकं झाली याआधी कुठे थांबलात ते पाहा. कंटाळून थांबला असाल तर पुस्तक खुशाल सोडा, ते परीक्षेला नाही. मोबाइलमुळे थांबला असाल तर तो दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वीस मिनिटांपासून सुरुवात करा. मात्र वाचनच नव्हे, कशातच रस वाटेनासा झाला असेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवडे टिकलं असेल, तर स्वतःला आळशी ठरवत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

शेवटच्या भेटीत बाई म्हणाल्या, "अण्णांना त्या म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. ते पुस्तक मागतायत. पाठवू का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "आधी मी संपवते."